सहा टक्के ओलाव्याचा कापूस: एआय एजंटच्या हाती टूल देताना कागदावर काय लिहावं

हिंगणघाटच्या पुढे एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, काट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, कापूस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, वजाबाकी, पावती. सोबत ओलावा, भाव, कास्तकाराचं नाव, गाव आणि शेरा. हे सगळं एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये जमा होतं. गेल्या हंगामात शेठजींच्या मुलाच्या डोक्यात आलं की रोज संध्याकाळी आकड्यांसाठी मला फोन कशाला करायचा, एआय एजंटलाच विचारू. म्हणून एजंटला डेटाबेस आतून बघता यावा असं एक छोटं टूल मी लिहिलं. नाव ठेवलं ‘पाहणी’. तलाठी पीक पाहणीला यायचा तसं: यायचं, बघायचं, लिहून घ्यायचं, वावरातल्या कशाला हात लावायचा नाही. टूल दोन दिवसांत झालं. त्याच्यासोबतचा कागद, म्हणजे ज्याला आपण डॉक्युमेंटेशन म्हणतो, तो मी अजूनही लिहितोच आहे.

पहिल्याच आठवड्यात एजंटने उत्तर दिलं: आजच्या आवकेचा सरासरी ओलावा सहा टक्के.

दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला. “काहो भाऊ, हे सहा टक्के कुठून आणलं? दिवाळीच्या तोंडचा कापूस हाय, सकाळी दव पडते. सहा टक्के तं एप्रिलातल्या कापसाचा राहते.”

बाहेरच्यांसाठी सांगतो, इकडे ओलाव्याचा आकडा म्हणजे थेट पैशाचा आकडा. सीसीआय, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ, आठ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते, त्यावर कापत जाते आणि बारा टक्क्यांच्या वर घेतच नाही. त्यामुळे दिवाणजींना तो आकडा वाचताक्षणीच खटकला. एजंटला खटकला नाही. मलाही नाही खटकला, हे कबूल केलेलं बरं.

शोधल्यावर कारण सापडलं ते असं. काही नोंदी काट्यावरच्या पोराने मोबाइलवरून भरल्या होत्या आणि त्याच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठी. त्याने ओलावा टाकला ‘१०.५’, मराठी आकड्यांत. तुम्ही-आम्ही वाचू तर साडेदहा. एसक्यूलाइटच्या लेखी तो आकडाच नव्हे, ती अक्षरं. आता कोणी म्हणेल, कॉलम तर दशांश आकड्यांचा केला होता ना? केला होता. पण एसक्यूलाइट याबाबतीत फार सैल आहे. आलेल्या मजकुराचा आकडा करून बघते, जमलं तर ठीक, नाही जमलं तर मजकूर तसाच ठेवून देते. तक्रार करत नाही. पुढे सरासरी काढताना आकड्यासारखा न दिसणारा मजकूर शून्य धरते, पण गाड्यांच्या मोजणीत मात्र ती गाडी धरते. दहा गाड्या, सगळ्या दहा टक्क्यांच्या, त्यातल्या चार मराठी आकड्यांत लिहिलेल्या. बेरीज साठ, भागिले दहा. आले सहा टक्के. कुठेही लाल अक्षरात काही चमकलं नाही.

इथे डेटाबेसने आपला नियम पाळला. एजंटने आकड्याच्या कॉलमची सरासरी मागितली, त्यातही गैर काही नाही. माझ्या कागदावर एक ओळ होती: ‘पाहणी कॉलमची नावं आणि प्रकार दाखवते.’ टूल दाखवत होतं: ओलावा, दशांश. कॉलम तयार करताना जो प्रकार लिहिला तो नुसता इरादा असतो आणि आत प्रत्यक्षात काय पडलंय ते वेगळं असू शकतं, हे मला माहीत होतं. मी लिहिलं नाही. कारण ते वाचणाऱ्यालाही माहीत असेल असं मी धरून चाललो.

आता हा वाचणारा कोण, ते जरा उघडून बघू. एजंटच्या पोटात एक भाषा मॉडेल असतं. ते स्वतः तुमच्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडत नाही. त्याला मजकूर वाचता येतो आणि मजकूर लिहिता येतो, बस. काम सुरू होताना तुमच्या प्रश्नासोबत त्याच्यापुढे एक यादी ठेवली जाते: ही टूलं आहेत, याचं नाव हे, काम हे, चालवताना कोणती माहिती द्यायची ती अशी. मॉडेल ते वाचतं आणि लिहितं, ‘पाहणी चालवा, टेबल आवक’. ते लिहिलेलं दुसरा एक साधा प्रोग्राम उचलतो, खरोखर चालवतो आणि आलेलं उत्तर पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे ठेवतो. मग पुढची पायरी. ही देवाणघेवाण सगळ्यांनी एका पद्धतीने करावी म्हणून अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी, खुला केला. त्यातही टूलची ओळख म्हणजे मुख्यतः नाव, वर्णन आणि द्यायच्या माहितीचा नमुना.

म्हणजे टूलबद्दल मॉडेलला जे काही कळतं ते त्या चार-सहा ओळींतून. दिवाणजी नवीन आले तेव्हा तीन दिवस काट्याजवळ उभे होते. हमालाला विचारलं, मापाऱ्याला विचारलं, एकदा शेठजींचं बोलणंही खाल्लं. एजंट हमालाला विचारत नाही. काल जे शिकला ते, वेगळी सोय केली नसेल, तर आज त्याच्याजवळ नसतं. आणि कागद जिथे गप्प असतो तिथे तो थांबत नाही, बाकी जगात साधारणपणे जसं असतं तसं इथेही असेल असं धरून पुढे जातो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. म्हणून तर आपण सैल होतो.

तेव्हापासून कागद लिहिताना मी स्वतःला एकच विचारतो: इथे हा अंदाज कुठे बांधेल? तेवढ्या जागा हेरायच्या आणि तिथे लिहायचं. बाकीचं, जसं की टेबल म्हणजे काय आणि कॉलम म्हणजे काय, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं.

सगळ्यात जास्त अंदाज रिकाम्या उत्तरापाशी बांधले जातात. हेही अनुभवाने शिकलो. दर हंगामाला आम्ही नवीन फाइल सुरू करतो. एजंटने एकदा फाइलच्या नावात साल चुकवलं. एसक्यूलाइटची मुळातली सवय अशी की सांगितलेली फाइल नसेल तर ती नवी कोरी फाइल काढून देते. ‘पाहणी’ने इमानदारीत त्या कोऱ्या फाइलमध्ये डोकावून सांगितलं: टेबलं, शून्य. एजंटने शेठजींच्या मुलाला कळवलं की डेटाबेस रिकामा आहे, या हंगामात अजून आवक सुरू झालेली दिसत नाही. तेव्हा फाटकाबाहेर मेटाडोर आणि ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

दुरुस्ती सोपी होती. फाइल फक्त वाचण्यापुरती उघडायची. मग नसलेली फाइल काढली जात नाही, सरळ चूक म्हणून कळते. पण कागदावरही तीन वेगळे ‘काही नाही’ लिहावे लागले. कास्तकाराला हा फरक सांगावा लागत नाही. वावरात हिरवं दिसत नाही याचा अर्थ पेरलंच नसेल, पेरलं पण पावसाने ओढ दिली म्हणून उगवलं नसेल, किंवा तुम्ही भलत्याच धुऱ्यावर उभे असाल. तसंच इथे: फाइल किंवा टेबल सापडलं नाही, ही एक गोष्ट. टेबल आहे पण त्यात एकही ओळ नाही, ही दुसरी. ओळी आहेत, पण तुम्ही लावलेल्या अटीत एकही बसली नाही, ही तिसरी. आधी या तिन्हींना माझं टूल एकच उत्तर देत होतं, कोरी जागा. आता तिन्हींची वाक्यं वेगळी आहेत, आणि तीच वाक्यं जशीच्या तशी कागदावर नमुना म्हणून दिली आहेत. तिसऱ्या वाक्यात एकूण ओळी किती तपासल्या तो आकडाही येतो.

ओळींच्या आकड्यावरून आठवलं. दुसऱ्या एका कामात माझ्याकडे पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस आहे. तिथे प्रत्येक टेबलात साधारण किती ओळी असाव्यात याचा अंदाज सिस्टिमने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेला असतो. टेबलाची साफसफाई किंवा नव्याने हिशेब झाला की तो ताजा होतो, मधल्या काळात शिळा राहतो. तो आकडा झटकन मिळतो. एक-एक ओळ मोजून खरा आकडा काढायला मोठ्या टेबलावर वेळ लागतो. टूलने कोणताही द्यावा, माझी हरकत नाही, पण कोणता दिला ते सांगावं. आपल्याकडे पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा महसूल खात्याचा आकडा, तीनदा निघते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. नुसतं ‘गावाची पैसेवारी अठ्ठेचाळीस’ म्हणणाऱ्याला चावडीवर कोणीही विचारेल, कोणती? एजंट विचारत नाही. म्हणून ‘पाहणी’ आता आकड्याच्या शेजारीच ‘नजरअंदाज’ किंवा ‘मोजून’ असं छापते. शब्द महसुलाचाच घेतला. मॉडेलला समजतो, शेठजींनाही समजतो.

एककाचंही तसंच. ‘वजन’ नावाच्या कॉलममध्ये किलो आहे की क्विंटल, हे डेटाबेसच्या रचनेत कुठेच लिहिलेलं नसतं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कॉलमला टीप चिकटवता येते. एसक्यूलाइटमध्ये तशी सोय नाही, पण टेबल तयार करतानाची आज्ञा ती जवळजवळ जशी लिहिली तशी सांभाळून ठेवते, आतल्या टिपांसकट. म्हणून मी टेबलं नव्याने मांडताना तिथेच लिहिलं: वजन किलोत, भाव क्विंटलचा, गाठ म्हणजे १७० किलो रुई. ही शेवटची ओळ उगाच नाही. मराठीत गाठ दोरीलाही पडते आणि काखेतही येते. कडता, घट, पलटी हे शब्दही असेच समजावून लिहिले आहेत. पुस्तकात नसलेला जिनिंगमधला अर्थ मॉडेलला कुठून कळणार?

आता कुंपणाचं बोलू, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. टूलच्या वर्णनात ‘हे फक्त वाचतं, काही बदलत नाही’ असं लिहिता येतं. एमसीपीमध्ये तर त्यासाठी वेगळी खूणही आहे. पण ती सूचना आहे. वावराच्या धुऱ्यावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली म्हणून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) थांबत नाहीत, तिथे कुंपणाच्या तारेतून विजेचा झटका देणारी झटका मशीन लागते. फाइल केवळ वाचण्यासाठी उघडणं, पोस्टग्रेसमध्ये फक्त बघण्याचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता काढून देणं, ही झटका मशीन. पाटी नंतर लावा, तीही खरी लावा. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सप्लेन’ म्हटलं तर एखादी आज्ञा कशी चालेल याचा नुसता आराखडा मिळतो. ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ म्हटलं तर ती आज्ञा खरोखर चालवून वेळ मोजली जाते. आज्ञा पुसण्याची असेल तर नोंदी खरोखर पुसल्या जातात. नावावरून दोन्ही तपासणीच वाटतात. ज्या टूलमधून हे चालवता येतं त्याच्या कागदावर हा फरक पहिल्या पाच ओळींत हवा.

शेऱ्याच्या कॉलमने मला वेगळीच गोष्ट शिकवली. दिवाणजी शेऱ्यात स्वतःसाठी किंवा शेठजींच्या मुलासाठी निरोप लिहून ठेवतात. एका पावतीवर होतं: ‘या नावाच्या मागच्या दोन पावत्या रद्द समजा.’ एजंटने ती ओळ वाचली आणि त्या दोन पावत्या वगळून दिवसाची आवक सांगितली. कोणी न सांगता. ते निरोपाचं पाणी केव्हाच वाहून गेलं होतं, पावत्या पुन्हा चालू झाल्या होत्या. मॉडेलला मालकाचा हुकूम आणि वहीतला मजकूर दोन्ही शेवटी अक्षरंच दिसतात. इथे तर बिचारा साधा निरोप होता, कोणी मुद्दाम असं काही लिहून ठेवलं तर? म्हणून ‘पाहणी’ आता टेबलातला मजकूर वेगळ्या खुणांच्या आत छापते आणि कागद सांगतो: खुणांच्या आतलं सगळं नोंदवलेली माहिती आहे, सूचना नाही, त्यावर काही करावंसं वाटलं तर आधी मालकाला दाखवा. याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणूनच झटका मशीन आधी.

याच विचाराने मोबाइल नंबर आणि बँक खात्याचे आकडे ‘पाहणी’ झाकूनच दाखवते. एजंटपुढे ठेवलेलं बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर जातं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत जिनिंगवालाही येतो. पण झाकलंय हे कागदावर लिहायचं विसरू नका. नाहीतर एजंट ‘सगळ्या शेतकऱ्यांचे नंबर चुकीचे भरले आहेत’ असा अहवाल देतो. दिला होता.

चूक कळवणारा संदेश हाही कागदच आहे, आणि एजंट तोच सगळ्यात मन लावून वाचतो, कारण तो अडलेला असतो. ‘चूक झाली’ एवढंच म्हटलं तर तो काहीतरी बदलून पुन्हा तेच करतो, पुन्हा, पुन्हा. ‘शेतकरी नावाचं टेबल नाही, असलेली टेबलं: आवक, कास्तकार, गाठी’ असं म्हटलं की दुसऱ्या फेरीत काम होतं. आणि चूक झाली तर प्रोग्रामने शेवटी शून्याशिवाय दुसरा अंक परत द्यावा, हा जुना रिवाज पाळा. शून्य म्हणजे ठीक.

लांबीचं सांगायचं तर, हा कागद प्रत्येक कामाला पहिल्यापासून वाचला जातो आणि मॉडेलची एकावेळी ध्यानात धरायची जागा मोजकी असते. देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा त्यातली जास्त जागा खातो. म्हणून ‘पाहणी’ कोणत्याही टेबलाच्या वीसच ओळी दाखवते आणि खाली ‘वीस दाखवल्या, एकूण इतक्या’ असं लिहिते. तो खालचा भाग नसेल तर वीस ओळी म्हणजेच अख्खं टेबल असं धरलं जातं.

मग जागा वाचवायला कागद इंग्रजीत का लिहिला नाही? बऱ्याच मित्रांनी विचारलं. कारण माझा कागद तपासणारा माणूस दिवाणजी आहेत. मी लिहिलं होतं, ‘ओलावा आठ ते बारा असतो, बाहेरचा आकडा संशयास्पद.’ त्यांनी पेनाने काट मारली. “ते सीसीआयचं झालं. आपल्या इथं सुरुवातीले पंधरा-सोळाही येते, आपण कापून घेतो. पाच ते वीस लिहा. वीसच्या वर तं कास्तकारानं पाणी मारलं समजा.” शेवटचं वाक्य मी कागदावर घेतलं नाही. बाकीचं घेतलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर ही चूक कोणाच्याच नजरेला आली नसती.

कागद जमला की नाही हे मी असं बघतो: पाच प्रश्न ठरवून ठेवलेत, आणि कागदात काहीही बदललं की कोऱ्या एजंटला, आधीचं काहीच माहीत नसलेल्या, तेच पाच प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं का यापेक्षा तो वाटेत कुठे चाचपडला ते वाचतो. जिथे एकाच गोष्टीसाठी दोनदा-तीनदा टूल चालवलं, तिथे माझी ओळ कच्ची असते. कागद आणि टूल वेगवेगळ्या दिशेला जाऊ नयेत म्हणून टूलची मदत (हेल्प) आणि एजंटला जाणारं वर्णन एकाच जागेवरून छापलं जातं. जुना झालेला कागद एजंट नव्याइतक्याच विश्वासाने वाचतो.

ओलाव्याचं पुढे काय झालं ते राहिलं. ‘पाहणी’ आता कॉलमच्या लिहिलेल्या प्रकाराशेजारी आत खरोखर काय आहे ते मोजून दाखवते: इतक्या नोंदींत आकडे, इतक्यांत मजकूर, इतक्या कोऱ्या. कागदावर ओळ आहे: ‘आकड्याच्या कॉलममध्ये एकही मजकूर असेल तर सरासरी किंवा बेरीज देऊ नका, त्या नोंदी दाखवा.’ परवा कोऱ्या एजंटला विचारलं, आजचा सरासरी ओलावा किती? त्याने सांगितलं, सरासरी देत नाही, सात नोंदींत ओलावा मजकूर म्हणून भरलाय, त्यांचे पावती क्रमांक हे.

मी खूश. शेठजींचा मुलगा म्हणाला, “एवढं करून उत्तर तं नाहीच दिलं ना त्यानं.”

मोबाइलवरचा फॉर्म मराठी आकडे आत येऊ देतो, दुरुस्ती तिथे हवी. ती मी या आठवड्यात करतोय, त्याचं बिल वेगळं.